खिडकीवरचं नाव

१

मौनात असताना वाईट बातमी कानी आली, तर माणसाला साधं ‘अरे देवा’ही म्हणता येत नाही.

प्रमोदिनी हरकरे देवघरात बसल्या होत्या. सकाळी डोळे उघडल्यापासून पूजा आटोपेपर्यंत बोलायचं नाही, हा त्यांचा नेम. पोलीस खात्यात इन्स्पेक्टर असतानाही त्यांनी तो मोडला नव्हता. परवा दसरा झाला, काल एकादशी, आज द्वादशीचं पारणं. द्वादशीला तुळस तोडायची नसते, म्हणून दसऱ्याच्या सकाळीच त्यांनी पानं तोडून ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवली होती. त्यातलं एक त्यांनी उचललं. कडेनं काळं पडलेलं, गळाठलेलं. देवाला शिळी तुळस चालते. ते बाळकृष्णाच्या पायाशी ठेवणार, तोच मागून कुणीतरी धापा टाकत आलं.

शेजारची डॉक्टर वैदेही होती.

“ताई, अंकित गेला. आमच्या मधुकररावांचा अंकित. केंद्राच्या पायरीवर सापडला, पहाटे.”

प्रमोदिनींचा हात थबकला. पान बोटाला चिकटून राहिलं.

“मधुकरराव म्हणतात, आमच्याकडच्या गोळीनं मेला. आणि ती गोळी…” वैदेहीनं दाराची चौकट धरली. “ती ऋषीनं दिली म्हणतात.”

ऋषी म्हणजे प्रमोदिनींच्या धाकट्या बहिणीचा मुलगा. आई गेल्यावर मावशीकडेच राहिला. मधल्या काळात पांढऱ्या पुडीच्या नादी लागून त्याची पार काडी झाली होती. वैदेहीच्या व्यसनमुक्ती केंद्रातून रोज मिळणाऱ्या सरकारमान्य गोळीच्या आधारानं पोरगा वर्षभरात पुन्हा माणसात आला होता. वायरिंगची कामं करायचा, रात्री मावशीच्या हातची भाकरी मागून घ्यायचा.

प्रमोदिनींनी पान देवाच्या पायाशी ठेवलं. आरती केली. निरांजनावरचा हात डोळ्यांना लावला. वैदेही दाराशी उभी राहून ओठ चावत होती. मग त्या उठल्या, पदर खोचला आणि हळूच म्हणाल्या,

“चल. वाटेत सगळं सांग.”

२

नागपूरच्या सक्करदऱ्यात, मागच्या गल्लीत बेलखोडे ट्रस्टच्या जुन्या इमारतीत ते केंद्र होतं. मधुकरराव बेलखोडे ट्रस्टचे अध्यक्ष. सगळं आयुष्य त्यांनी दारूबंदी, नशाबंदी यांच्या सभांत घालवलेलं. इतर विश्वस्तांनी गळ घातली म्हणून त्यांनी वैदेहीला तळमजला दिला, मनातून नव्हे.

“कोजागिरीला संध्याकाळी विश्वस्तांची बैठक आहे,” वैदेही म्हणाली. “खिडकी बंद करणार आणि ऋषीविरुद्ध तक्रार देणार. खिडकी बंद झाली ना ताई, तर ऋषीसकट सगळे आठवडाभरात परत त्या पुडीवाल्यांच्या दारात उभे राहतील.”

खिडकी म्हणजे जाळी लावलेली साधी खिडकी. आतून सुभद्रा नर्स एकेकाच्या जिभेखाली गोळी ठेवायची. मग त्यानं समोरच्या बाकावर बसायचं. गोळी विरघळली की खिडकीशी येऊन तोंड उघडून दाखवायचं आणि आपलं पूर्ण नाव मोठ्यानं सांगायचं. हा नियम वैदेहीचा. गोळी जिभेखाली लपवलेली असली की नाव बोबडं उमटतं. शेवटी सुभद्रा दत्ताच्या तसबिरीपुढचं तीर्थ हातावर घालायची. तो नियम तिचा.

आज रांग उशिरा सुरू झाली होती. पोलीस येऊन देह घेऊन गेले होते. दसऱ्याच्या सोन्याची पानं अजून गल्लीत पडलेली, पावसाच्या सरीनं चिखलात रुतलेली. पायरीवर मात्र कुणी पाय ठेवत नव्हतं. गल्लीतलं रोजचं कुत्रंही लांबूनच हुंगत होतं आणि एकाएकी केकाटून मागं सरत होतं. बाकावर माणसं खाली मान घालून बसलेली. आणि त्या जाळीतून एकेक आवाज येत होता: नाव, बापाचं नाव, आडनाव. जणू कुणी यमाच्या दारात हजेरी देत होतं.

“म्याच पहिल्यांदा पाह्यलं त्याले,” सुभद्रा म्हणाली. “मले वाटलं झोपला आहे. हात छातीवर जोडलेले. पाय उघडे, चप्पल नाही. तोंडात खर्रा होता.”

“खर्रा? तंबाखू-सुपारीचा? तू पाहिलास?”

“हवालदार म्हणाला खर्रा. मले तं काळं काळं काहीतरी दिसलं ओठात.”

“आणि पाय? चिखल होता पायांना?”

सुभद्रा विचारात पडली. “नाही वं ताई. धुतल्यासारखे होते.”

प्रमोदिनींचं लक्ष बाकाच्या टोकाशी गेलं होतं. ऑक्टोबरच्या त्या उकाड्यात एक म्हातारा घोंगडी पांघरून बसला होता. अंगावर काटा, नाक वाहतंय, जांभईवर जांभई. कपाळाला बुक्का. तो उठून खिडकीशी आला, ओठ मिटूनच हात जोडले. सुभद्रानं मान डोलावली आणि तीर्थ दिलं. त्यानं ते डोक्याला लावलं आणि निघून गेला.

“याचं नाव नाही घेतलंस?”

“धोंडबा महाराज ना? खाप्याचे आहेत. ट्रकवर असताना अफूची सवय लागली होती. फार नेमाचा माणूस, ताई. चातुर्मासात दुपारच्या जेवणापर्यंत मौन असते त्यांचं. आता एवढ्या मोठ्या व्रताले आपण कसं मोडा म्हणाचं?”

“आणि तीर्थ?”

“डोक्याले लावतात. कडक उपास असन.”

प्रमोदिनींनी त्या म्हाताऱ्याच्या पाठीकडं पाहिलं. घोंगडी गल्लीच्या वळणावर क्षणभर दिसली आणि नाहीशी झाली.

३

ऋषी गच्चीवर भिंतीला टेकून बसला होता. पोलिसांनी सकाळभर चौकीत बसवून सोडलं होतं.

“मावशी, म्या नाही दिली.”

“तसं मी विचारलंच नाही. अंकित कसा होता, ते सांग.”

“चांगला पोट्टा होता. त्याले इथं यायचं होतं गोळी घ्याले. बापानं येऊ नाही दिलं. म्हणे, बेलखोड्याचं नाव त्या खिडकीवर उच्चाराचं नाही.” ऋषी कडवट हसला. “त्यायले वाटते बंद केलं की बंद होते. वर्ध्यात दारूबंदी आहे ना? जाऊन पाहा, कुठं भेटत नाही ते. बंदीनं माल बंद नाही होत, मावशी. फक्त पुडीत काय भरलं ते कोणी सांगत नाही. मी तेच खाऊन राहिलो होतो ना. उंदराचं औषध होतं का पिठी, मले तरी कुठं माहीत होतं?”

“खर्रा खायचा अंकित?”

“नाही ना! सुपारीनं ठसका लागे त्याले. आम्ही हसत होतो, नागपूरचा पोट्टा अन् खर्रा नाही खात.”

“रात्री घराबाहेर कधी पडायचा?”

“काहून पडन? नवरात्रापासून बाप बाहेरून कडी लावत होता त्याच्या खोलीले. फक्त सकाळी देवळात जायची सूट होती. तिथं भेटलो तं म्हणे, आता जरा बरं वाटून राहिलं. काहून ते नाही सांगतलं.”

प्रमोदिनींनी त्याच्या केसांवर हात ठेवला. पोरगा ताठ बसून होता, पण हाताखाली सगळं डोकं थरथरत होतं.

“मावशी, खिडकी बंद झाली तं मी नाही टिकणार. खोटं नाही बोलून राहिलो. मी मले ओळखतो.”

४

बेलखोड्यांच्या घरात सुतक होतं. देव्हाऱ्याचा पडदा ओढलेला. कोनाड्यात एक ओलं फडकं वाळून कडक झालं होतं. घरात बाईमाणूस नव्हतं; मधुकररावांची पत्नी जाऊन बराच काळ लोटलेला. ते आरामखुर्चीत ताठ बसले होते. बोलताना मधूनच कवळी टकटक वाजायची.

“प्रमोदिनीबाई, तुम्ही धर्म मानणाऱ्या. तुम्हीच सांगा. कायद्यानं हातावर ठेवलं म्हणून विषाचं औषध होतं का? आज गोळी, उद्या गांजाचं दुकान, परवा पुडीचं. मुभा दिली की माणूस घसरतोच. म्हणून कुंपण लागतं.”

“वैदेही म्हणते, ती दुकान मागत नाही. खिडकी मागते. समोर डॉक्टर, समोर नर्स.”

“त्याच खिडकीतून गोळी बाहेर आली! त्याच्या मुठीत कागदात तुकडा होता. तुमच्या भाच्याशिवाय कोण देणार?”

प्रमोदिनींनी येताना चौकीत जुन्या ओळखीनं पंचनामा पाहिला होता. तुकडा पोलिसांना सापडला नव्हता; मूठ रिकामी होती. त्यांनी ते मनात ठेवलं आणि शांतपणे विचारलं, “त्या रात्री अंकित कसा होता?”

“शांत. दूध प्यायला आणि झोपला. कितीतरी दिवसांनी इतका शांत झोपला. मी स्वतः पाहिलं.” कवळी पुन्हा वाजली. “आणि पहाटे उठून तुमच्या दारात मरायला गेला.”

“पहाटे तुम्ही उठला होता?”

“मी झोपतो कुठं? डॉक्टरांनी झोपेच्या गोळ्या दिल्यात, तरी डोळ्याला डोळा नाही. पहाटे मी न्हाऊन, पूजा करून मगच दात लावतो, मगच माणसांशी बोलतो. हा माझा नेम आहे. सुतकात पूजा नाही, पण बाकी नेम आहे तो आहे.”

निघताना प्रमोदिनींनी आतल्या खोलीच्या दाराकडं पाहिलं. कडी बाहेरून होती. त्या पितळी कडीवर बोटांचे डाग होते. दार अर्धवट उघडं होतं; आतल्या बाजूला रंगाचे पापुद्रे नखांनी सोललेले होते.

५

त्रयोदशीच्या सकाळी सुभद्रा रडतच आली.

“ताई, तो आला होता. अंकित.”

“नीट सांग.”

“मी आतून दिवा लावत होती. खिडकीची झडप बंद होती. बाहेर रांग नव्हती, काही नव्हतं. अन् झडपेच्या पलीकडून आवाज आला. तोंडात काही धरल्यावानी, बोबडा.” तिनं डोळे मिटून घेतले. “अंकित मधुकर बेलखोडे. असं म्हणाला. जसं आमच्या खिडकीवर म्हणतात ना, तसंच. म्या झडप उघडली तं कोणीच नाही. फक्त पायरी ओली होती.”

चतुर्दशीलाही तेच झालं. रांगेतली निम्मी माणसं आली नाहीत. गल्लीत कुजबुज सुरू झाली, पोट्ट्याचा जीव गोळीत अडकला म्हणे. जे आले त्यांनी तोंड उघडून दाखवलं, पण नाव सांगायला एकही धजेना. न जाणो, आपल्या मागून दुसऱ्याच कुणी आपलं नाव सांगितलं तर?

दुपारी प्रमोदिनी देवळामागच्या पारावर धोंडबांसमोर जाऊन बसल्या. म्हाताऱ्याचं जेवण झालं होतं, मौन सुटलं होतं. वैदेही जरा मागं उभी राहिली.

“धोंडबा, माझंही मौन असतं. रोज सकाळी.”

“चांगली गोष्ट आहे, बाई.”

“मौन जिभेचं असतं, ओठांचं नाही. तोंड उघडून दाखवायला कोणतं व्रत आड येतं? आणि तीर्थ चालत नाही असा उपास मी तरी ऐकला नाही. तीर्थ घ्यायचं तर तोंड उघडावं लागतं. म्हणून डोक्याला लावता का?”

म्हातारा घोंगडीत आक्रसला.

“आणि या उकाड्यात ही थंडी, ही जांभई, हे नाक. वैदेहीला मी आताच विचारलं. ज्याला पूर्ण गोळी मिळते त्याला असं होत नाही. तुमची गोळी तुम्हाला पुरी मिळत नाही, धोंडबा.”

तो घोंगडीचं टोक तोंडाशी धरून हमसून रडायला लागला.

“पोट्टं पाया पडलं जी माझ्या. म्हणे, बाबा येऊ देत नाही, अन् पुडी घेतली तं मरतो. मले एक तुकडा द्या. मी अर्धी विरघळू देत होतो अन् उरलेली गालात धरत होतो. देवळात त्याले देत होतो. सगळं मौन खोटं होतं माझं. उष्टी गोळी दिली, बाई, म्या त्याले. उष्टी.” त्यानं मान वर केली. “म्हंजे म्याच मारलं का जी त्याले?”

वैदेही पुढं झाली. “रोजच्या अर्ध्या तुकड्यानं तो मेला नसता, धोंडबा. उलट थोडा सावरला होता. ही गोळी एकटी असली तर सहसा जीव घेत नाही. पण वर झोपेची गोळी पडली, तर श्वास मंद होत होत…”

ती थांबली. तिनं प्रमोदिनींकडं पाहिलं.

प्रमोदिनी पारावरून खाली वाकल्या होत्या. कुण्या बाईनं पिंपळाच्या बुंध्याशी वाहिलेली तुळस तिथं पडली होती. उन्हानं काळी झालेली. त्यांनी एक पान उचलून तळहातावर ठेवलं आणि वैदेहीला दाखवलं.

“घाबरलेल्या माणसाला अर्धवट उजेडात हे खर्ऱ्यासारखं दिसेल का गं?”

६

कोजागिरीच्या दिवशी तांबडं फुटताना प्रमोदिनी केंद्राच्या बोळात, भिंतीला लागून उभ्या होत्या. मौन सुरू होतं. धुकं असं उतरलं होतं की समोरची पायरी पाण्याखाली असल्यासारखी दिसावी. कुत्रं नव्हतं. दूर कुठंतरी काकडा चालला होता, त्याचा टाळही बुडाल्यासारखा येत होता.

मग ओल्या पावलांचा आवाज आला. चप्पल नव्हती. धुक्यातून काहीतरी उंच, पांढरं पुढं आलं आणि खिडकीसमोर थांबलं. प्रमोदिनींच्या हातांवर काटा उभा राहिला. सगळं ठाऊक असूनही.

“अंकित,” तो बोबडा आवाज म्हणाला. “अंकित मधुकर बेलखोडे.”

आत सुभद्राची भांडी पडल्याचा आवाज झाला. पांढरी आकृती वळली. आता ती धुक्यात नाहीशी होणार होती. हाक मारायची तर नेम मोडत होता. प्रमोदिनींनी डोळे मिटून बाळकृष्णाला नमस्कार केला आणि तोंड उघडलं.

“मधुकरराव, थांबा.”

आकृती जागच्या जागी खिळली. दवानं भिजलेलं धोतर, उघडं अंग, खप्पड गाल. कवळीशिवाय मधुकररावांचा चेहरा कुण्या अनोळखी म्हाताऱ्याचा वाटत होता.

“माझं मौन मोडलं,” प्रमोदिनी म्हणाल्या. “तेव्हा आता सगळं बोलते. अंकितच्या तोंडात खर्रा नव्हता, तो खातच नव्हता. ते तुळशीचं पान होतं, काळं पडलेलं. पायरीवर एकट्यानं मरणाऱ्याच्या तोंडात तुळस कोण ठेवतं? माया असणारं माणूस ठेवतं. आणि ते पान ताजं का नव्हतं? द्वादशी लागली होती. तशा वेळीही तोडायचं नाही, हा नेम ज्यानं पाळला, त्याच्याकडे दशमीची पानं ओल्या फडक्यात होती. तुमच्या कोनाड्यातलं फडकं मी पाहिलं.”

मधुकरराव पायरीकडं पाहत राहिले.

“पाय स्वच्छ होते. गल्लीत चिखल होता. तो चालत आलाच नाही. खोलीची कडी बाहेरून, आतून उघडत नाही. आणि मुठीतला तुकडा पोलिसांना मिळालाच नाही, कारण तो तुम्ही आधीच काढून घेतला होता. उरलं दूध. इतका बेचैन पोरगा एकाएकी शांत झोपला. दुधात तुमच्या झोपेच्या गोळ्या होत्या ना?”

“तडफडत होता,” ते बोबडं पुटपुटले. “दसऱ्याच्या रात्री दार ओरबाडत होता. मला बघवेना. दुसऱ्या रात्री दोन घातल्या. पहाटे उठवायला गेलो तर…” त्यांनी हात पुढं केले, जणू अजून काही पेलून धरलंय. “किती हलका झाला होता, प्रमोदिनीबाई. गाडीपर्यंत मी एकट्यानं उचलून नेला. मग मूठ उघडली, त्यात तुकडा. मला वाटलं, यानंच घेतला माझा मुलगा. म्हणून त्यांच्या दारात ठेवला. खरंच वाटलं मला तसं.”

“वाटलं असेल. पण मग रोज इथं का येता?”

म्हाताऱ्याचे ओठ आत ओढले गेले. “तो म्हणाला होता, बाबा, एकदाच मला खिडकीवर नाव सांगू द्या. मी म्हणालो, माझ्या घराचं नाव तिथं उच्चारायचं नाही.”

झडप उघडली होती. जाळीमागं सुभद्रा आणि वैदेही उभ्या होत्या. धुक्यातून रांगेतली माणसं येऊन थबकत होती. त्यांत ऋषी होता, धोंडबा होता.

“वैदेही,” प्रमोदिनी म्हणाल्या, “त्यांना सांग. तुला जे माहीत आहे तेवढंच.”

वैदेही जाळीशी आली. “काका, तो रांगेत असता तर मी तुम्हाला पहिल्याच दिवशी बजावलं असतं, की याला झोपेचं काही देऊ नका. त्याची गोळी तुमच्यापासून लपलेली, तुमचं दूध त्याच्यापासून लपलेलं. दोघांनी एकमेकांना सांगितलं असतं तर…”

“आणि तुमची खिडकी?” मधुकररावांनी एकदम मान वर केली. त्या चेहऱ्यातही जुना सभेतला माणूस क्षणभर दिसला. “तिनं गोळी बाहेर कशी जाऊ दिली? मोकळीक दिली की हे होणारच, म्हणत होतो ना मी?”

“ती चूक आमची,” सुभद्रा जाळीतून म्हणाली. “म्या व्रत पाह्यलं, तोंड नाही पाह्यलं.”

धोंडबा पुढं झाला. घोंगडी त्यानं पायाशी टाकली. जिभेखाली गोळी ठेवून घेतली आणि बाकावर बसला. उजेड हळूहळू गल्लीत उतरत गेला, सोन्याची कुजकी पानं दिसू लागली. मग तो उठला, खिडकीशी गेला आणि लहान मुलासारखा आ केला.

“धोंडबा तुकाराम निनावे.” तळहात तोंडाला लावून तो तीर्थ प्यायला.

मग ऋषी. त्याचा आवाज गल्लीच्या टोकापर्यंत गेला. त्यामागं एकेक करून बाकीचे.

मधुकररावांनी कनवटीला बांधलेल्या रुमालातून कवळी काढली. आंघोळ झालेली नव्हती, पूजा नव्हती. त्यांनी ती तशीच तोंडात बसवली.

“प्रमोदिनीबाई, मला अजूनही वाटतं कुंपण हवं,” ते म्हणाले. आता प्रत्येक अक्षर स्वच्छ होतं. “पण मी कुंपणाला बाहेरून कडी घातली. संध्याकाळच्या बैठकीत खिडकी बंद करा, असं मी म्हणणार नाही. तुमच्या भाच्याचं नावही कुणी घेणार नाही. आधी चौकीत जाऊ. तुम्ही सोबत याल?”

“येईन.”

रांग संपली. सुभद्रानं सवयीनं झडपेला हात घातला आणि थांबली. रोजच्याच सुरात तिनं विचारलं,

“अजून कोणी राह्यलं का?”

मधुकरराव पायरी चढून खिडकीशी गेले. जाळीला कपाळ टेकवलं.

“राहिला,” ते म्हणाले. “अंकित मधुकर बेलखोडे.”

सुभद्रानं दत्तापुढची पळी उचलली आणि त्यांच्या पसरलेल्या हातावर तीर्थ घातलं.